गळ्याच्या जागी

पौषातली दुपार होती. निळ्या, निरभ्र, निश्चल आकाशातून ऊन उतरत होते. ते तापवत नव्हते, नुसते उजळत होते. रामशेजच्या काळ्या कड्यावर ते थबकले, गिरणाऱ्याच्या वाटेवरच्या द्राक्षबागांवर पसरले, आणि पिकत आलेल्या घडांत शिरून हिरव्याचे मधुवर्ण करू लागले. नाशिकचा हिवाळा असाच. कोरडा, कनककांत, आणि सावलीत पाऊल टाकताच अंगावर काटा आणणारा.

त्या उन्हातून एक स्कूटर शहराकडे चालली होती. पुढे दानिएल लोंढे, मागे त्याची बायको अनुपमा. त्याच्या पायांपाशी, जुन्या शालीत गुंडाळलेला, त्याचा लहानसा ट्यूब अॅम्प होता. गिटारचा क्षीण विद्युत्स्वर काचेच्या नळ्यांतून तापवून, फुलवून बाहेर सोडणारी ती इवलीशी पेटी. आणि अनुपमाच्या पाठीवर गिटार होती, कडेवरचे मूल पाठीवर घ्यावे तशी, जपून घेतलेली.

पेडल घ्यायला ती दोघे निघाली होती. ओव्हरड्राइव्हचे पेडल. पायाने खटका दाबला की गिटारचा स्वर जाड करणारे, लांबवणारे, त्याला किंचित खरखर आणि पुष्कळ दम देणारे.

इतकी वर्षे त्याला त्याची गरज पडली नव्हती.

इतकी वर्षे ती गात होती. शरणपूरच्या ख्रिस्ती देवळात, नातलगांच्या लग्नांत, आणि अलीकडे द्राक्षमळ्यांच्या हिरवळीवर शनिवार-रविवारच्या संध्याकाळी ती गात होती आणि तो मागे वाजवत होता. तिचा आवाज रेशमाचा, रुप्याचा, उंच चढणारा. त्याची गिटार त्या आवाजाखाली अंथरलेली, दवाच्या थेंबांसारखी तुटक, स्वच्छ, उमटताच विरणारी. तारेवर आघात झाला की स्वर जन्मे आणि लगेच मरे. चालत होते. लांबवायला ती होती.

पावसाळ्यात तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली, तपासणीत काही वाईट सापडले नाही, घरात सगळ्यांनी गुडघे टेकून आभार मानले. फक्त स्वरयंत्राची डावी पट्टी मंदावली. तिला हलवणारी शीर रुसली आहे, असे डॉक्टरांनी समजावले. परत येईल, कदाचित अर्धीच येईल, व्यायाम करत राहा. ती करत राहिली. रोज सकाळी न्हाणीघराचे दार लावून, बादलीत नळ सोडून, पाण्याच्या आवाजाआड ती आपला आवाज शोधत राहिली. दाराबाहेर दानिएलला पाणीच ऐकू येई.

माणसांसमोर ती त्यानंतर गायली नव्हती.

येत्या रविवारी गिरणाऱ्याच्या मळ्यात द्राक्षतोडीचा समारंभ होता. मळेवाल्या पिंगळेकाकांचा दरवर्षीसारखा फोन आला, तेव्हा तिनेच सांगितले, "हा एकटा येईल, काका. सगळी गाणी गिटारवर वाजवेल." फोन ठेवून ती दानिएलकडे वळली. "पण तुझे स्वर फार लवकर मरतात रे. काहीतरी लावावं लागेल मध्ये."

"ओव्हरड्राइव्ह लावावा लागेल."

"मग चल. मी ऐकते. तुला स्वतःचं कधी कळत नाही."

अशी ती निघाली. आपल्या गळ्याच्या जागी काय बसवायचे, ते आपल्याच कानांनी निवडायला. दोघांनाही ते कळत होते, आणि दोघांपैकी कोणीही ते बोलले नव्हते.

दुकानाच्या खालच्या मजल्यावर तबले, ढोलक्या, पेट्या. चामड्याचा आणि लाकडाचा संमिश्र, उबदार वास. वरच्या मजल्यावर गिटारी. भिंतीवर रांगेने टांगलेल्या, चकचकीत, निःशब्द. दुकानाचे मालक वाल्मीक आहेर यांनी गालिच्यावर अॅम्प ठेवून घेतला, शाल उलगडली, कौतुकाने त्याच्या पाठीमागे डोकावले. "छान जीव आहे, सर. पण लहान आहे. याला सोसेल असंच घ्यायला हवं."

त्यांनी तीन पेडले आणली. राखाडी, लाल आणि पोपटी. तळहातावर मावतील अशा पत्र्याच्या डब्या, प्रत्येकीवर फिरवायचे तीन नॉब: एक खरखर वाढवणारा, एक स्वर उजळ किंवा गडद करणारा, एक आवाज मोठा करणारा. अनुपमा बाकावर बसली. तिने डोळे मिटले. ऐकायचे असले की ती असेच डोळे मिटे.

राखाडी पेडलाने फारसे काही केले नाही. स्वर थोडा जवळ आला, थोडा भरला, इतकेच. आणि पूर्वीसारखाच लवकर विझला.

"हे स्वतः काही करत नाही, सर," आहेर म्हणाले. "अॅम्पला मागून ढकलतं. जे काय करायचं ते अॅम्पच्या नळ्या करतात."

"मग हे घेऊन मी काय करू?" दानिएल म्हणाला, आणि राखाडी डबी बाजूला झाली.

लाल पेडलाने गर्जना केली. वादळ उठले, वाळू उठली, धुरळलेले, धगधगलेले, धावत सुटलेले काहीतरी त्या इवल्या पेटीतून बाहेर पडू लागले. पण पेटी लहान होती. खालच्या तारा छेडल्या की तिच्या छातीत तो पूर मावेना. खर्जाचा चिखल होई आणि स्पीकरचा पडदा फडफडे. अनुपमाने डोळे न उघडता मान हलवली. लाल डबी गेली.

मग पोपटी.

दानिएलने खटका दाबला, मधल्या तारेवर एक स्वर छेडला, आणि तो स्वर मेला नाही. तो थांबला. तो फुलला. खर्जाचा चिखल आपोआप आटला, वरचा कर्कश काठ गळून पडला, आणि मधले सारे मध होऊन पुढे आले. सानुनासिक, स्निग्ध, सलग. दानिएलच्या बोटाखाली तार थरथरली आणि स्वरही थरथरला, जसा कंठ थरथरतो. त्याने त्यांचे गाणे वाजवायला घेतले. चाल त्याने बांधलेली, शब्द तिने घातलेले. लग्नाच्या आदल्या वर्षी, गोदेच्या काठी, भाजलेली कणसे खात. मुखडा त्याने सलग वाजवला. कुठे तुटला नाही, कुठे श्वास घ्यायला थांबला नाही.

खालच्या मजल्यावर कोणीतरी ढोलकीच्या दोऱ्या ताणत होते, ते थांबले.

अनुपमाने डोळे उघडले. समोरच्या अॅम्पकडे ती बराच वेळ पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हते. दुपारच्या अंगणासारखा तो रिकामा, स्वच्छ, लख्ख होता.

"हेच," ती म्हणाली. "हे गातं."

"नक्की?"

"नक्की. घे."

आहेरांनी खोका काढला. दानिएल तसाच बसून राहिला. एकच पेडल घ्यायचे ठरले होते आणि ते मिळाले होते; तरी त्याची बोटे तारांवरून उठत नव्हती. त्याने अंतरा सुरू केला. वरच्या स्वराशी आला, तार ओढून सरळ त्या स्वरावर गेला, आणि अडखळला. पुन्हा गेला, पुन्हा अडखळला.

"इथं काहीतरी चुकतंय, अनू. तू कसं घ्यायचीस हे?"

"सरळ जाऊ नकोस. खाली थांब आधी."

"थांबलो ना."

"तसं नव्हे. उंबऱ्यापाशी आल्यासारखं थांब. आणि मग..." तिने हवेत हात नेला, बोटांनी एक लाट काढली, एक वळण काढले, वळणाच्या टोकाशी बोट क्षणभर टेकवले. त्याला कळले नाही. तो खरेच ते कधी शिकला नव्हता. ती घेत असे, आणि तो वाट पाहत असे.

"हे असं," ती म्हणाली, आणि तिने तोंड उघडले.

जो आवाज आला तो तिचा नव्हता. निदान, जुना नव्हता. रेशीम नव्हते, रुपे नव्हते. वर चढता चढता तो मध्येच थबकला, खाली सरकला, आणि खालीच कुठेतरी त्याला पाय ठेवायला जागा मिळाली. रुंद, रवाळ, उन्हात वाळलेल्या पानासारखा किनारीशी चिरलेला. श्वास त्यातून झिरपत होता. पण वळण तेच होते. उंबऱ्यापाशी थांबणे तेच, टेकणे तेच, आणि मग आत जाणेही तेच.

दानिएलने मान वर केली नाही. आपण पाहिले तर ती थांबेल, हे त्याला ठाऊक होते. त्याने फक्त बोटे खाली आणली, तिचा नवा सूर शोधला, आणि तिच्या मागोमाग वाजवू लागला.

दोन ओळी गेल्या. आणि तिने हात केला.

"थांब. मी मलाच ऐकू येत नाहीये."

खरेच होते. पोपटी पेडलाचा तो मधाळ, मधला, पुढे सरसावलेला स्वर नेमका तिच्या नव्या आवाजाच्या जागेवर उभा होता. दोघे एकाच दारातून आत शिरत होते, आणि गिटार धट्टीकट्टी होती.

"मी बंद करतो पेडल."

"बंद नको." ती उठली, गालिच्यावर उकिडवी बसली, नॉब फिरवून पाहिले. कमी केले, गडद केले. स्वर लहान झाला, पण दारातून हलेना. तिने वर पाहिले. "आहेरभाऊ, ते मघाचं राखाडी द्या बरं."

"ताई, ते तर..."

"द्या तर खरं."

तिने स्वतः वायरी जोडल्या. खरखरीचा नॉब जवळजवळ मिटवून टाकला. आवाजाचा नॉब पूर्ण वर नेला. "सूर खाली घे," ती दानिएलला म्हणाली. "जुनी पट्टी, काळी चार, विसर. पांढरी तीनमध्ये वाजव."

त्याने हळू छेडले, तेव्हा स्वर निर्मळ आला. जोराने छेडले, तेव्हा पेटीतल्या नळ्याच तापल्या, पेटल्या, आणि स्वराच्या कडेला एक बारीक, रवाळ, रक्तिम कंगोरा उमटला. ती खरखर पेडलाची नव्हती. त्या लहान जीवाची स्वतःची होती, दम पुरत नसताना दम लावल्याची. आणि मध्ये जागा होती. रुंद, मोकळी, एखाद्या अंगणासारखी जागा.

अनुपमा त्या जागेत आली. तिने मुखडा गायला, अंतरा गायला, एके ठिकाणी आवाज फुटला तिथे ती खोकली, पाणी मागितले, आणि पुन्हा तिथूनच गायली. तिच्या आवाजातला रवाळ कण आणि गिटारचा रवाळ कण एकमेकांना घासले, आणि दोन्ही कण उजळले.

गाणे संपले. आहेरांनी पोपटी डबी उचलून परत कपाटात ठेवायला घेतली.

"थांबा," दानिएल म्हणाला. मग अनुपमाकडे पाहून, शब्द जुळवत, सावकाश: "अनू, हे बघ. राखाडी घेतलं, तर एकट्यानं वाजवताना माझा स्वर लांबणार नाही. तो मरणारच. पोपटी घेतलं, तर मी एकटा निभावून नेईन, तुला काही करावं लागणार नाही. राखाडी घेतलं, तर रविवारी तुला गावं लागेल."

"आणि नाही आला आवाज?"

"तर नाही आला. मग मी तुटक तुटक वाजवेन, आणि लोक जेवतील."

ती खिडकीपाशी गेली. खाली रस्त्यावर एक फुलवाली शेवंतीवर पाणी शिंपडत होती. पाण्यातून ऊन तुटत होते, सांडत होते. अनुपमाने गळ्यावरची ओढणी सैल केली. तिथे एक आडवी, फिकट, गुलाबी रेघ होती. कित्येक दिवस तिने ती उन्हाला दाखवली नव्हती.

"दोन गाणी," ती म्हणाली. "दोनच. बाकीची तू वाजव. तुटक तर तुटक."

"राखाडी बांधू?" आहेरांनी विचारले.

"बांधा."

"ताई, नाही जमलं तर सोमवारी या, बदलून देतो."

"सोमवारी कशाला येऊ? गाणं रविवारी आहे," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती हसली, आणि हसतानाही तिचा आवाज फाटला, आणि त्या फाटण्याचेही तिला हसू आले.

रविवार आला. मळ्यात पाहुणे आले, टोपल्या आल्या, घड आले. सूर्य कलला, डोंगरांच्या सावल्या लांबल्या, आणि हवेत कापरी, कोरी थंडी उतरली. दानिएलने तुटक तुटक वाजवले आणि लोक जेवले. मग अनुपमा उभी राहिली. पहिल्या गाण्यात एक स्वर आलाच नाही. तो जिथे यायचा होता तिथे नुसता वारा होता. एका पाहुण्याने माइकच्या वायरकडे पाहिले. दानिएलने ती जागा भरली नाही. ती जागा तिची होती. त्याने ती मोकळी ठेवली, आणि पुढच्या मात्रेवर ती तिथे आली.

दुसरे गाणे त्यांचे होते.

ती उंबऱ्यापाशी थांबली. टेकली. मग आत गेली. मावळतीचा शेवटचा तिरपा किरण तिच्या मुखावर होता, आणि थंडी इतकी दाट होती की तिचा श्वास दिसत होता. ओठांतून निघणारा प्रत्येक स्वर शुभ्र होऊन येत होता, वेलींच्या दिशेने तरंगत होता, पानांपाशी विरत होता. एक विरला, दुसरा उमटला. दुसरा विरला, तिसरा उमटला. लहान, धूसर, उबदार ढग, एकामागून एक, येत राहिले, जात राहिले, येत राहिले.