मिनिटाला चार श्वास

मी टॉर्च बोलतेय. पेनाएवढी, खिशाला अडकवायची. भाची डॉक्टर झाली म्हणून एका मामाने मला विकत घेतलं आणि तिच्या कोटाला लावलं. "हिला सांभाळ गं," म्हणाला. कोणी कोणाला सांभाळायचं, ते काही बोलला नाही.

तातडीच्या विभागात माझं काम एकच. बेशुद्ध माणसाची पापणी वर करून डोळ्याची बाहुली बघायची. अफूच्या जातीची नशा असली की बाहुली मोहरीएवढी होते, चेतवणाऱ्या गोळीने ती बटणासारखी फाकते. हे मला तोंडपाठ होतं आणि त्याचा मला तोराही होता. हरवलेल्या किल्ल्याही मीच शोधते, ते सोडा.

एका दुपारी थोरल्या भावाने धाकट्याला ओढतच आणलं. धाकटा घामाने निथळत होता, काहीबाही बरळत होता. नाडी पळत होती, बाहुल्या फाकलेल्या.

"काय घेतलंय यानं?"

"पार्टीतली एक गोळी, मॅडम. दुसरं काही नाही. बाबांना कळवू नका, एवढं करा."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, 'उत्तेजक'. कारणाच्या रकान्यात जागाही एकाच शब्दापुरती होती.

तासाभराने धाकटा शांत झाला. डॉक्टरांनी मला पेटवलं. "बाहुल्या मूळ मापावर आल्या. उतरतंय. झोपू दे."

"श्वास मोजू का?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

"मोजा, पण आधी पलीकडच्या खाटेवरचा हात मोडलेला पेशंट बघू."

मी दाखवलं ते खोटं नव्हतं. पण बाहुली त्या मापावर थांबली नव्हती, पुढे आकसत चालली होती. गोळीचा अंमल ओसरला आणि तिच्याखाली दडलेली दुसरी नशा वर आली. मला त्या घडीचं तेवढं दिसतं. पुढचं दिसत नाही, याची आजही लाज वाटते.

वीस मिनिटांनी सिस्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला. "मॅडम, धावा! मिनिटाला चार!"

ओठ निळे, बाहुल्या मोहरीएवढ्या. उताऱ्याचं इंजेक्शन दिलं, रबरी फुग्याने श्वास दिला, किती तरी वेळ छाती दाबली. तो गेला.

थोरल्याने खिशातून एक पुडी काढली. "हेपण घेतलं होतं त्यानं. मी आधी सांगितलं असतं तर...?"

डॉक्टर त्याच्याशेजारी बाकावर टेकल्या. "तू सांगितलं नाहीस तरी मी श्वास मोजायला हवे होते," एवढंच म्हणाल्या.

आता माझा उजेड पिवळा पडलाय. डॉक्टर आधी पोटावर हात ठेवून पूर्ण मिनिट मोजतात, मगच मला बाहेर काढतात. रकान्यात दाटीवाटीने दोन-तीन शब्द लिहितात, पुढे प्रश्नचिन्ह. मला त्याचा राग नाही.

तुम्ही कधी आपलं माणूस घेऊन आमच्या दारात आलात, तर खिशात असेल ते सगळं आधी टेबलावर ठेवा. बाबांचं नंतर बघू. त्या दुपारी बाबांना फोन करावाच लागला. थोरल्याने नंबर लावून दिला, बोलल्या डॉक्टर.