दोनदा भाजण्याची परवानगी

आमच्या नगरपालिकेने जूनमध्ये धुराच्या तक्रारीवरून आसुंतामावशीच्या पावाच्या भट्टीला सील ठोकलं आणि ऑगस्टमध्ये त्याच भट्टीवर संगमरवरी पाटी लावायचं ठरवलं. पाटीवर 'बिस्कोत्तो' या इथल्या कडक पावाच्या नावाचा उगम येणार होता. सालेर्नोहून प्राध्यापक आले. चार बैठकांनंतर निष्कर्ष निघाला: लॅटिनमधून आलेला शब्द, अर्थ 'दोनदा भाजलेला'. आता फक्त मावशीचा भट्टीपुढचा फोटो हवा होता.

मला पाठवलं. मी पालिकेत कारकून, शिवाय तिचा शेजारी.

"भट्टी पेटवू द्या, मग काढा किती फोटो काढायचेत ते," मावशी म्हणाली. "कोस्ताबिलेला बिस्कोत्तो हवाय."

कोस्ताबिले तिचा नवरा. जन्म मासेमारीत गेला, आता महिनाभर खाटेवर. सूप दिसलं की भिंतीकडे तोंड फिरवायचा. लांबच्या फेरीला ती बांधून द्यायची तो कडक पाव, समुद्राच्या पाण्यात भिजवलेला, एवढंच मागणं. दुकानातला आणला तर म्हणाला, "हा कुत्र्याला घाल. कुत्र्याला विचारून घाल."

परवानगी मीच टाइप केली: 'प्रात्यक्षिकासाठी एकदा पाव भाजण्यास हरकत नाही.' तिघांनी सह्या केल्या, एक प्राध्यापकांची.

रविवारी सकाळी पाव निघाले, फोटो झाले, टाळ्या झाल्या. मावशीने पाव आडवे कापले आणि परत आत सरकवायला निघाली, तर शिपाई व्हितो सील घेऊन आडवा.

"मावशी, कागदावर एकदाच आहे."

"मेल्या, एकदा भाजतात तो साधा पाव!"

नगराध्यक्षांनी प्राध्यापकांकडे पाहिलं. प्राध्यापक म्हणाले, "तत्त्वतः बाईंचं बरोबर आहे."

"मग अर्ज करा," नगराध्यक्ष म्हणाले. "गुरुवारी बैठक आहे."

मावशीने तुकडे गच्चीवर उन्हात मांडले. दक्षिणेचा दमट वारा सुटला होता. मंगळवारी बुरशी धरली. त्यातल्या त्यात बरा तुकडा तिने कोस्ताबिलेच्या हातात दिला. मी दाराशी उभा होतो.

त्याने अंगठ्याने दाबून पाहिला. "मऊ आहे."

"हो."

"मऊ पाव तू जवळच्या फेरीला द्यायचीस." तो हसल्यासारखा झाला. "म्हणजे जवळच जायचंय तर."

बुधवारी तो गेला. दफनभूमी भट्टीमागच्या चढावरच आहे.

गुरुवारी अर्ज एकमताने मंजूर झाला. 'दोनदा' हा शब्द या खेपेला मी अधोरेखित केला.