मेणाची मुळं

ऑर्किडला कुणी बांडगूळ म्हटलेलं आईला खपत नसे. म्हटलंच, तर ती बाह्या सरसावून भांडायला उभी राहायची. "बांडगूळ दुसऱ्याचा रस पितं. ही नुसती खांद्यावर बसते आणि खाते स्वतःचं. माणसांना तरी कुठं आहे एवढी लाज?" हा टोला बहुतेक वेळा समोर ठाण मांडून बसलेल्या एखाद्या पाहुण्यालाच असायचा.

ती ऑर्किड न्हाणीघराच्या खिडकीत, लाकडाच्या तुकड्यावर बांधून तारेनं टांगलेली होती. एरिडीस तिचं नाव. वर्षातून एकदा गुलाबी टोकांच्या पांढऱ्या फुलांचा तुरा लोंबायचा आणि घरभर वास सुटायचा. माती अजिबात नाही, खत नावापुरतं. मुलगी लहान असताना आईनं तिला शिकवलं होतं, "मुळांकडे बघायचं, ठमे. चांदीसारखी पांढरी दिसली की तहान लागलीय. भिजून हिरवी झाली की भागली. मग हात आखडता घ्यायचा. जास्त लाडानंच मरतात ही."

आता ठमी पन्नाशीला टेकली होती आणि आईचं सगळं विस्कटलं होतं. पाणी घालायचं आहे हे आईच्या लक्षात राही, घालून झालंय हे राहत नसे. फवाऱ्याची बाटली घेऊन ती उठल्यासुटल्या खिडकीशी. मुळं तपकिरी पडली, लिबलिबीत झाली. मुलीलाही ती आता 'अहो बाई' म्हणायची. त्या 'अहो'नं मुलीच्या काळजाला घरं पडायची. तरी तिची एक वेडी आशा होती. तुरा फुलेल, तो वास आईला येईल आणि एकदा, फक्त एकदाच, तिच्या तोंडून 'ठमे' निघेल. त्यासाठी ऑर्किड जगायला हवी होती.

मुलगी कवळ्या बनवायच्या कारखान्यात कामाला होती. खोट्याला खऱ्याचा रंग द्यायचा, हेच तिचं पोटापाण्याचं काम. तिनं सडकी मुळं कापली आणि उरलेली चांगली मुळं, नुकताच धरलेला तुरा सांभाळत ऑर्किड कारखान्याच्या खिडकीत नेऊन टांगली. मालक म्हणाले, "इथं सगळं खोटंच असतं. ही बिचारी एकटी खरी, तिला करमणार कसं?"

घरच्या खिडकीसाठी मुलीनं प्लॅस्टिकची पानं आणली. कवळीचे दात ज्या मेणात बसवतात, त्याच मेणाची मुळं वळली आणि त्यांवर चंदेरी रंग चढवला. इतकी हुबेहूब, की आईला शंकासुद्धा आली नाही. आपल्या हातावर खूश होऊन मुलगी निर्धास्तपणे कामाला जाऊ लागली.

काही दिवसांनी आईला सांभाळणाऱ्या बाई कुरकुरू लागल्या. आजी जेवायला बसत नाहीत, खिडकी सोडत नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी मुलीनं स्वतःच पाहिलं. आई फवारत होती, थांबून मुळांवर बोट फिरवत होती, पुन्हा फवारत होती. बाह्या चिंब, पाय ओल्या फरशीवर गारठलेले.

"अहो बाई," ती रडवेली होऊन म्हणाली, "हिची तहानच भागत नाही हो. बघा ना, मुळं अजून पांढरीच आहेत."

नियम आईच्या आत कुठंतरी शाबूत होता. मेणाला तो ठाऊक नव्हता. आपण हे काय करून बसलो, या विचारानं मुलीला स्वतःचीच शिसारी आली. ती तशीच चप्पल अडकवून निघाली, मालकांकडून किल्ली आणली आणि कारखाना उघडला. तुरा अर्धाच उमलला होता. सगळा फुलला की न्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. आता थांबण्यात अर्थ नव्हता.

घरी येऊन तिनं मेणाची मुळं काढून टाकली आणि तिथं खरी ऑर्किड टांगली. आईनं बाटली उचलली. पाणी पडलं आणि चंदेरी मुळं बघता बघता हिरवी होत गेली.

"भागली गं बाई," आई म्हणाली आणि तिनं बाटली खाली ठेवली. मग तिनं तुऱ्याला नाक लावलं, डोळे मिटले. मुलगी तिच्या ओठांकडे बघत राहिली.

"छान वास आहे. तुम्ही वाढवलीत?"

"हो."

"मातीत कोंबली नाहीत, हे बरं केलंत. कोणी शिकवलं?"

"आईनं."

"हुशार बाई दिसतेय. आहे का हो ती?"

"आहे."

"मग इथं काय करताय?" आई मायेनं रागावली. "जा ना तिच्याकडे. वाट बघत असेल."

"जाते," मुलगी म्हणाली आणि आईचे गारठलेले पाय पुसायला तिथंच खाली बसली.