वाढत्या अंगाचा सांधा

बाबागाडी निवडायला तिने इतका वेळ घेतला होता, की गाडी घरी आली तेव्हा ठमी भिंतीला धरून चालायला लागली होती. नवरा हा किस्सा येईल त्या पाहुण्याला सांगायचा आणि ती दर वेळी म्हणायची, "इतका काही नाही हं." त्यामुळे बाबागाडीच्या सांध्यासाठी साचा कसला करायचा, हे सासऱ्यांनी नेमकं तिलाच ठरवायला सांगितलं, तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि आईकडे पाहिलं. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

सासऱ्यांची ॲल्युमिनियमची छोटी फाउंड्री होती. ती धातूशास्त्र शिकलेली, लग्नानंतर तिथेच कामाला लागलेली, आणि ठमीच्या वेळी घरी बसलेली ती आत्ता पुन्हा यायला लागली होती. बाबागाड्या बनवणाऱ्या एका कारखान्याला गाडीची घडी घालताना वळणारा सांधा ओतून हवा होता. नमुन्याचे नग नीट बसले तर सगळं काम यांच्याकडे येणार होतं. नाही बसले तर दुसऱ्या फाउंड्रीकडे, आणि त्याबरोबर सूनबाईंच्या शब्दाची किंमतही जाणार होती. हे दुसरं कोणी बोललं नव्हतं. तिने ते स्वतःच धरून ठेवलं होतं.

"बाबा, मीच कशाला?" तिने विचारून पाहिलं.

"तू धातू शिकलीस, तू आई आहेस, आणि बाबागाडीचा इतका कीस या घरात दुसऱ्या कोणी पाडलेला नाही," सासरे म्हणाले. "माझं मत विचारशील तर सरळ लोखंडी डाय करावी. एकदा केली की कायमची."

कायमची. आजवर कायमच्या अशा दोनच गोष्टी तिने केल्या होत्या, लग्न आणि ठमी, आणि दोन्ही वेळा कोणी तिला फायद्या-तोट्यांचा तक्ता करायला वेळ दिला नव्हता.

या वेळी तिने तक्ता केला. लोखंडात कोरलेल्या डायमधून एकसारखे गुळगुळीत नग कितीही निघतात, पण कोरताना चूक झाली तर लोखंड परत भरता येत नाही. मेणाचा साचा नाजूक नक्षीला चांगला, पण सांध्याला कुठे नक्षी होती? राहिला वाळूचा. लाकडाचा नमुना पेटीत ठेवायचा, भोवती ओलसर वाळू ठोकून बसवायची, नमुना अलगद काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. नग थंड झाला की साचा मोडायचा. पुढच्या नगाला नवा साचा. तिला एवढंच दिसलं, की या पद्धतीत मोडणं हे कामातच धरलेलं आहे.

"आधी वाळूत करू या," ती सासऱ्यांना म्हणाली. "गिऱ्हाईक मापं बदलू शकतं. नमुने पास झाले की मग डाय."

कारण अगदी खरं होतं. फक्त ते तिला दुसऱ्यांदा सुचलं होतं. पहिल्यांदा सुचली होती ती निव्वळ भीती, आणि कारणाने मागून येऊन तिला बरे कपडे घातले होते.

सासऱ्यांनी हनुवटी खाजवली. "ठीक आहे. तू म्हणतेस तर वाळू."

आता वितळलेलं ॲल्युमिनियम थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो. ही गोष्ट तिला शिकवावी लागली नसती. ठमीचा एकही कपडा आजवर तिच्या मापाचा नव्हता. सगळे वाढत्या अंगाचे. बाह्या दुमडलेल्या, पायजम्याला पिना, आणि टोपी अशी की ठमीला जग नेहमी अर्धंच दिसायचं. तिने ड्रॉइंगमध्ये आकसण्याचं माप धरलं, दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा तपासायला नवऱ्याकडे दिलं. नवऱ्याने ते कॉम्प्युटरवर चढवून मिस्त्रींकडे पाठवलं. फाउंड्रीतले लाकडी नमुने मिस्त्रीच करायचे, आणि त्यांनी केलेला नमुना इतका देखणा झाला की सासूबाई म्हणाल्या, "हा घरात शोकेसमध्ये ठेवा, आणि दुसरा करा."

नग ओतले गेले. वाळू झडली, चांदीसारखे सांधे बाहेर आले. ना बुडबुडा, ना तडा. ती स्वतः एक नग उचलून गिऱ्हाइकाने पाठवलेल्या गाडीपाशी गेली आणि सांध्याचं शेपटीसारखं टोक गाडीच्या नळीत घालू लागली.

शेपटी नळीच्या तोंडाशी अडली.

तिने दुसरा नग घेतला. तोही अडला. सगळेच अडले, एकाच जागी, शाळेत एकाच मुलाची बघून सगळ्यांनी उत्तरं लिहावीत तसे.

"घासून बसेल की," नवरा म्हणाला.

"लांबीलाही मोठाय," व्हर्निअर लावत ती म्हणाली. "घडी पडणार नाही. लेकराची बोटं अडकतील."

"अजून लेकरू बसलेलंसुद्धा नाही त्या गाडीत."

"माझ्या डोक्यात बसलंय."

"परवा गिऱ्हाइकाचे खरेदीवाले साहेब येतायत," एवढंच म्हणून सासरे भट्टीकडे गेले. तिने आधी वाळूवर संशय घेतला, मग भट्टीच्या तापमानावर, मग आपल्या डिग्रीवर. आपलं कागदावरचं ड्रॉइंग पुन्हा पाहिलं तर आकसण्याचं माप बरोब्बर धरलेलं होतं. म्हणजे चूक तिची नव्हती, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली. आपली चूक निदान कुठे शोधायची हे तरी तिला सवयीने माहीत होतं.

संध्याकाळी घरी आली तर सासूबाई दारातच. "ठमीचं अंग बघ गं. भट्टी झालीय नुसती."

ठमी लालबुंद झाली होती आणि केस कपाळाला चिकटले होते. थंडीचे दिवस, साथ सुरू, वर्तमानपत्रात काय काय छापून आलेलं, आणि ते सगळं हिने वाचलेलं. नवऱ्याने गाडी काढली. सासूबाई बरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिने मनातल्या मनात ठमीला दोनदा ॲडमिट केलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी ठमीला टेबलावर ठेवलं आणि स्वेटर काढला. आत आणखी एक स्वेटर होता. तो काढला. आत गरम बंडी होती.

"हे कोणी घातलं?"

"बंडी मी घातली, सकाळी निघताना," ती म्हणाली.

"मी दुपारी घरी आलो होतो," नवरा म्हणाला. "हात गार लागले, म्हणून आतला स्वेटर. मला वाटलं, घाईत हिच्याकडून राहिला असेल."

"आणि मला वाटलं, तुमचं दोघांचं लक्ष कामात," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून वरचा मी घातला. आता मला काय स्वप्न पडणार होतं?"

डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर पाहिला. ठमीने बाईंच्या नाकाला हात लावला आणि हसली. "हिला ताप नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हिला माणसं जास्त झालीयत."

ती बंडी हातात घेऊन तशीच उभी राहिली. मग हळूच नवऱ्याकडे वळली.

"ड्रॉइंग तपासायला दिलं होतं, तेव्हा तू त्यात काय केलंस?"

"काही नाही. आकसण्याचं तेवढं वाढवून घेतलं."

"ते मी धरलं होतं."

"मला वाटलं..." नवरा म्हणाला, आणि टेबलावरच्या स्वेटरांकडे बघून थांबला.

तिने तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. "मिस्त्री, सांध्याचा नमुना कुठल्या पट्टीने मापला होता?"

"माझ्या नेहमीच्याच, वहिनी. वाढीव पट्टीने." नमुने करणाऱ्यांची एक खास पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा केसभर मोठा असतो, म्हणजे आकसण्याचा हिशेब आपोआप होतो. "ड्रॉइंगवर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून वाटलं राहिलं असेल. का हो, काही चुकलं का?"

"तुमचं एकट्याचं नाही," ती म्हणाली.

या घरात कोणी कोणाबद्दल कधी आकस धरला नव्हता. आकसणं मात्र तिघांनीही मनापासून धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी नमुन्याला रंधा मारला, मधून एक चकती कापून तो पुन्हा जोडला, आणि जुन्या साच्यांची वाळू नव्या साच्यांत गेली. लाकूड तासून कमी करता येतं. लोखंडात मोठी कोरलेली पोकळी लहान करता आली नसती. हे सासऱ्यांच्या लक्षात आलं तेव्हा ते भट्टीपाशी उभे राहून म्हणाले, "वाळू म्हणालीस म्हणून वाचलो. दूरदृष्टी लागते अशाला."

ती "हो बाबा" म्हणाली. आपल्याला वाचवणारी वाळूही भीतीनेच निवडली आणि बुडवणारं वाढीव मापही भीतीनेच साधलं, त्यातही भीतीचा पहिला हप्ता आपलाच, कारण माप धरलंय असं कागदावर लिहिण्याचं धाडस तिला झालं नव्हतं. लिहिलं असतं तर चूक झाल्यावर ती कोणाची हे कळलं असतं. एवढं सगळं भट्टीसमोर सांगण्यासारखं नव्हतं.

खरेदीवाल्या साहेबांनी सांधा नळीत घातला. तो सरकत गेला. त्यांनी गाडीची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. खट् असा आवाज आला. तिने पुढे होऊन सगळ्या फटींतून स्वतःची करंगळी फिरवून पाहिली.

"मॅडम, हे आमच्या तपासणीत येतं," साहेब म्हणाले.

"हो, पण मला वाटलं..." म्हणताना तिने जीभ चावली. मागे नवरा खोकला.

काम मिळालं. साहेब गेल्यावर सासऱ्यांनी नवा कागद टेबलावर पसरला. "आता डाय. आता मोडायला काही मिळणार नाही. आकसण्याचं कोण धरणार?"

नवऱ्याने मिस्त्रींकडे पाहिलं, मिस्त्रींनी तिच्याकडे.

"मी," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कोणी धरायचं नाही." तिने ड्रॉइंगच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आकसण्याचं माप धरलेलं आहे', आणि खाली सही केली. मिस्त्रींनी ते वाचलं आणि आपली वाढीव पट्टी खिशात घातली.

डाय झाली. पहिला नग गाडीत बसला. ती तेव्हा तिथे नव्हती. धीर झाला नाही, म्हणून ठमीला घेऊन घरीच थांबली होती, आणि नवऱ्याचा फोन आल्यावर "मला माहीतच होतं" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना ती स्वेटर घेऊन ठमीजवळ गेली. ठमीच्या पाठीवर पिनेने एक कागद लावलेला होता. सासूबाईंचं ठसठशीत अक्षर होतं, 'स्वेटर घातलेला आहे', आणि खाली सही.

तिने हातातला स्वेटर कपाटात परत ठेवला. मग ठमीला आणखी एक मोज्यांचा जोड चढवला. मोज्यांबद्दल कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं.