मी एकही सिनेमा पाहिला नाही

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. केरळात, आलप्पुळ्याच्या दक्षिणेला, खाडीकाठच्या एका गावात वर्क्कीच्चनचं टॉकीज होतं. तिथे माझं उभं आयुष्य गेलं, आणि तरीही मी एकही सिनेमा पाहिलेला नाही. हसू नका. तुमच्या पाठीवर कुणी बोटाने लिहिलं तर ते तुम्हाला वाचता येईल का? सिनेमा माझ्या अंगावर पडायचा. मी पाहायचो ती समोरची माणसं.

जाड्याभरड्या कापडाच्या पट्ट्या जोडून एका म्हाताऱ्या शिंप्याने मला शिवलं. टॉकीजचं छप्पर झावळ्यांचं होतं. दुपारच्या खेळाला त्यातून उन्हाचे कवडसे आत उतरत आणि बायकांच्या केसांवरून, पुरुषांच्या उघड्या खांद्यांवरून सावकाश सरकत जात. लहानपणी मला वाटायचं, सिनेमा म्हणतात तो हाच असावा.

चांगले सिनेमे आमच्या गावी उशिरा पोचत, फसलेले मात्र ताजे ताजे येत. कर्णे माझ्या मागेच होते, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. मेलेली नायिका स्वतःच्याच लग्नात गाणं म्हणे, हरवलेला भाऊ सापडे आणि पुन्हा कुणी त्याचं नावही काढत नसे. मग अंधारातून एक लांबलचक 'कूऽऽऽ' उठायची. आमच्याकडे सिनेमा आवडला नाही की लोक अशीच कू घालतात. पहिल्या दिवशी जिथे कू पडेल तिथे दुसऱ्या दिवशी कात्री, अशी रीतच होती. आधीच गुंतलेली गोष्ट त्याने आणखी गुंतायची, हा भाग वेगळा.

त्या गावचा वासवन मद्रासला जाऊन दिग्दर्शक झाला. त्याची आई कार्त्यायनीअम्मा काथ्याची दोरी वळायची. बाप नव्हता, त्या दोरीवरच तिने पोराला वाढवलं. वासवनचा पहिला सिनेमा आमच्याकडे लागला, तेव्हा ती धुतलेलं मुंडू नेसून अगदी पुढे, माझ्या पायाशी येऊन बसली. वासवन मात्र घाबरून मागे, दाराशी उभा राहिला.

काय सांगू मित्रांनो, कू थांबेचना! खेळ संपल्यावर वर्क्कीच्चन कपाळाला हात लावून म्हणाला, "अरे वासवा, तुझा नायक मध्यंतराआधी नावाडी होता, नंतर एकदम फौजदार? लोक चहा प्यायला गेले तेवढ्यात परीक्षा दिली का रे त्याने?"

"त्या दोघांची अदलाबदल झालीय, वर्क्कीच्चा. ते जुळे आहेत."

"मग तसं सांगायचं ना कुणालातरी! मला कळलं नाही, जाऊ दे. तुझ्या नायकाला तरी माहीत होतं का?"

वासवनला हसू आलं नाही. "कापा काय कापायचं ते," तो म्हणाला. "आणि सगळ्यात आधी, बायका दोरी वळतात तो तुकडा काढा. तिथे तर कूसुद्धा नाही. सगळे झोपले होते. मला हे जमत नाही, वर्क्कीच्चा. हा खेळ उतरला की मी आखातात जातो, काहीही काम करतो. पुन्हा कॅमेऱ्याला हात लावणार नाही."

मला ओरडून 'नको' म्हणायचं होतं. कारण त्या तुकड्याच्या वेळी मी जागा होतो. त्यात बोलणं नव्हतं, फक्त काथ्या पिळायच्या रहाटाची कुरकुर ऐकू येत होती. आणि समोर कुणीही झोपलेलं नव्हतं! बायकांची बोटं मांडीवर आपोआप दोरी वळत होती. एका माडी काढणाऱ्याची विडी विझली आणि त्याला पत्ता नव्हता. मागे उभ्या राहिलेल्या वासवनला फक्त डोकी दिसली. मला डोळे दिसले, पण पडद्याला तोंड कुठे असतं?

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्त्यायनीअम्मा आपल्या सोबतच्या बायकांना घेऊन आली. "आपण आहोत त्यात," असं तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सिनेमा संपला आणि ती ताडकन उठली.

"वासवा! माझा रहाट कुठे गेला?"

"काढला, अम्मा. लोक झोपले होते."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी मागे उभा होतो ना."

"मागे उभं राहून कुणाचे डोळे दिसतात रे, शहाण्या? बाकीचा सिनेमा मलाही कळला नाही. मीही कू घातली."

"तू घातलीस?"

"घालणार नाही तर काय! जुळे म्हणे! पण तो रहाट खरा होता. तो परत लाव, आणि संध्याकाळी इथे बस. लोकांकडे तोंड करून."

संध्याकाळी तो तुकडा परत जोडला गेला. वासवन माझ्या पायाशी, माझ्याकडे पाठ करून बसला. आयुष्यात पहिल्यांदाच मला सोबत मिळाली. कू पडली, पुन्हा पडली. नायक फौजदार झाला तेव्हा तर वासवनच खुदकन हसला. मग रहाट कुरकुरला आणि सगळं थिएटर गप्प झालं. समोर त्याची आई बसल्या जागी हलक्या हातांनी दोरी वळत होती. त्या उजेडात वासवनने एकेक चेहरा पाहिला आणि तो लहान मुलासारखा रडला.

सिनेमा पडला तो पडलाच. पण वासवन आखातात गेला नाही. बऱ्याच वर्षांनी त्याचा दुसरा सिनेमा आला, तेव्हाही तो माझ्या पायाशीच बसला. या वेळी कू पडली नाही. कार्त्यायनीअम्मा तोवर राहिली नव्हती, पण पुढच्या रांगेत बायकांनी तिची जागा मोकळी सोडली होती. तो सबंध सिनेमाभर त्या जागेकडेच बघत राहिला.

टॉकीज कधीच बंद झालं. आता वर्क्कीच्चनच्या नातीने मला अंगणात पसरलं आहे. माझ्यावर खोबरं वाळतं. ऊन अंगावर पडलं की डोळा लागतो आणि वाटतं, खेळ सुरू झाला. समोर मात्र कुणी नसतं.

मित्रांनो, मला एकदा स्वच्छ धुवा आणि दोन माडांच्या मध्ये बांधा. फसलेला सिनेमा लावा, हवी तेवढी कू घाला, मी रागावणार नाही. फक्त समोर येऊन बसा. आणि रहाट कुरकुरला, तर मागे वळून एकमेकांकडे बघा. मला जे दिसलं, ते तुम्हालाही दिसेल.