कोणाचा रेणू

विज्ञानात वैयक्तिक हेवेदाव्यांना जागा नसते. आमच्या घरात मात्र हेवेदाव्यांतूनच विज्ञानाला जागा काढावी लागते. माझी बायको औषधाचे रेणू घडवते, माझी बहीण त्या रेणूंनी पेशी मारते, आणि दोघी एकाच प्रयोगशाळेत आहेत. मी भूगोल शिकवतो, त्यामुळे दोघीही मला समजावून सांगतात.

डीएनए तुटला की तो दुरुस्त करणारी एन्झाइमं पेशीत असतात. कर्करोगाच्या काही पेशींत त्यातलं एक आधीच बिघडलेलं असतं आणि त्या दुसऱ्याच्या जिवावर दिवस ढकलतात. ते दुसरं बंद पाडलं की खेळ खलास. बंद पाडणारा रेणू बायकोने वर्षानुवर्षं खपून घडवला. पेशी पटापट मेल्या. बहिणीने स्वतःच्या एकटीच्या नावावर शोधनिबंध छापला आणि शेवटी बायकोचे आभार मानले; काचसामान धुण्याच्या यंत्राच्या कंपनीनंतर.

"अगं, नजरचुकीने झालं असेल," मी म्हणालो.

"तुझी बहीण आहे म्हणून नजरचूक. माझी असती तर?"

मी भांडी पुसायला घेतली.

बहीण घरी आली तेव्हा म्हणाली, "वहिनी, एवढं काय मनाला लावून घेतेस? घरातल्या घरातच आहे ना!"

"हो ना, वन्सं," बायको इतकं गोड म्हणाली की मी चहाचं निमित्त करून आत गेलो.

पुढे गुंतवणूकदारांसमोर प्रयोग ठरला. बहीण त्यांच्यादेखत पेशींच्या ताटल्यांत औषध घालणार, आठवड्याने ते निकाल पाहायला येणार. औषधाची बाटली अर्थात बायकोकडून. तिने त्यात रेणू घातलाच नाही. रेणू ज्यात विरघळवतात ते नुसतं द्रावक भरलं आणि वर नेहमीची चिठ्ठी चिकटवली.

"एक पेशी मरायची नाही," ती मला म्हणाली. "चारचौघांत तोंडावर आपटू दे. मग येईल माझ्याच दारात."

"आणि तू काय करणार?"

"सांगेन, वन्सं, घरातल्या घरातच आहे ना!"

आठवडाभर ती गुणगुणत होती. निकालाला मलाही नेलं. असला तमाशा एकटीने बघण्यात मजा नाही म्हणाली.

बहिणीने पडद्यावर आधी तुलनेसाठी नुसतं पाणी घातलेली ताटली दाखवली. पेशी दाटीवाटीने नांदत होत्या. मग औषधाची दाखवली. एकही जिवंत नव्हती.

टाळ्या पडल्या. बायकोची नखं माझ्या दंडात रुतली.

"माझी एक चूक आज दुरुस्त करते," बहीण म्हणाली. "हा रेणू माझा नाही, वहिनीचा आहे. ये ना गं पुढे!"

बायको पुढे गेली. फुलं घेतली, फोटोत हसली. गाडीत बसल्यावर दार ओढून घेतलं.

"पाण्याच्या ताटलीत द्रावक घालून बघायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही," ती मग म्हणाली. "पेशी इतकी वर्षं द्रावकानेच मरत होत्या."