काजळीची घंटी

यंदा आमच्या तलावात चिखलबी उरला नाई. पन वाघाले तहान लागू नये म्हनून जंगल खात्यानं जंगलाच्या कडेले टाकं बांधलं, अन् ते भराले टँकर येऊन राह्यला. टँकर आमच्या दारावरूनच जाते. आम्ही बाया पान्याचे रिकामे गुंड-हंडे घेऊन उभ्या राह्यलो, तं ड्रायव्हर म्हने, "बाई, हे वन्यप्राण्याचं पानी हाय." आता मानसानं काय शेपूट लावून यावं?

माझी म्हैस काजळी गाभन होती. पहिल्या पान्यात व्याची होती. तेवढ्या दिसावरी तिले कसंबी जगवाचं, माझ्या डोक्यात दुसरं काई नव्हतं. दिवस बुडता बुडता मी तिले वाघाच्याच टाक्यावर नेऊन राह्यली. भेव लागे, नाई कसा. पन तिची सुकली जीभ पाह्यली का पाय आपोआप निघे.

टाक्यापाशी झाडाले कॅमेरा बांधला हाय, हे मले का मालूम. महिन्याभरानं गार्ड अंकुश दारात आला. मले वाटलं, आता केस होते. तो हळूच म्हने, "बुधरीबाई, तुमची म्हैस रानगवा झाली."

झालं असं. गोचीड लागू नये म्हनून आम्ही ढोराच्या पायाले गुडघ्यावरी चुना अन् राख फासतो. रानगव्याचे पाय तसेच पांढरे राह्यते. वरून काजळीच्या गळ्यात मार्कंड्याच्या जत्रेतून आनलेली घंटी, चांगली रुंद पट्ट्याची. कॅमेऱ्यातले फोटू पाहून जंगल खात्याच्या साहेबाले ते जनावराचा माग काढाचं रेडिओ कॉलर वाटलं. त्यानं मिटिंगीत पुसलं, कॉलर कोनं लावली? कोनी बोललं नाई, जो तो समजे का दुसऱ्यानं लावली असन. वीस वर्षानं रानगवा परतला म्हनून साहेबाचा सत्कार झाला.

"मंग तू सांगत काऊन नाई?" मी म्हटलं.

"शाल-नारळ वापस कोन घेईन, बाई? अन् आता टँकर रोज येईन. गपचूप पाजा."

खोटं काऊन बोलू, मले मजाच वाटली. दुसऱ्या दिवशी चुना अजून जाड फासला.

मिरगाले आठ दिवस होते. टाक्याहून येताना बांबूच्या बेटातून वाघ निघाला अन् माझ्यासमोर काजळीचा गळा धरला. मी बोंबलली, दगडं मारले. काई उपेग झाला नाई.

सकाळी साहेब आला. मी म्हटलं, "पंचनामा करा, साहेब. माझी गाभन म्हैस गेली."

त्यानं काजळीचे पाय पाह्यले. "आजी, हा रानगवा आहे. वाघानं रानगवा खाल्ला म्हणजे जंगल निरोगी आहे. त्याची भरपाई नसते."

मी अंकुशकडे पाह्यलं. तो मातीकडे पाहे. मंग मीच टाक्यावरून गुंडभर पानी आनलं. पाय धुतो म्हटलं, मंग पाहा रानगवा का म्हैस.

"हात लावू नका," साहेब म्हने. "मेलेल्या वन्यप्राण्याला हात लावणं गुन्हा आहे."

जाताना त्यानं घंटी पट्ट्यासकट काढून घेतली. सरकारी कॉलर. मी म्हटलं, "म्हैस ठेवा तुमच्या कागदात, साहेब. घंटी तं द्या." नाई देल्ली.

मी घरी येऊन गोठ्यासमोर बसली. त्याइची जीप आमच्याच दारावरून गेली, अन् रस्त्यात खड्डेच खड्डे. घंटी वाजली. काजळी आली म्हनून मी गोठ्याच्या दाराची आडी काढाले उठली.